परतीचा मलिदा

ओट्यावर हातोडीचा ठोका पडला की झिल्पाबाई हातातलं काम थांबवून ऐकत राहायच्या.

निसीमला घरी येऊन तीन आठवडे होत आले होते. पोरगा धडधाकट आला, हातीपायी नीट आला. बाईंनी आता खरं तर निवांत व्हायला हवं होतं. पण आल्याच्या तिसऱ्याच दिवशी त्याने घराची डागडुजी काढली. आधी स्वयंपाकघरावरची फुटकी कौलं बदलली, मग विहिरीच्या रहाटाला वंगण घातलं, मागच्या दाराची करकर थांबवली. आता ओट्याच्या एका अंगाला फळ्या ठोकून तो हत्यारं ठेवायला मांडणी करत होता. तिथे त्याला सायकल दुरुस्तीचं दुकान घालायचं होतं.

"आई, इथे भिंतीत एक खिडकी काढली तर उजेड येईल ना गं?"

"बघू," एवढंच म्हणून बाई आत जात. आत गेल्यावरही त्यांचा कान ओट्याकडेच असे.

कारण ते घर त्यांनी विचुंब्याच्या काशीरामला विकायचं कबूल केलं होतं. वल्हांडणाचा सण उरकला की थोरला मुलगा सॅम, सून अबीगेल आणि दोन नाती यांच्याबरोबर बाई कायमच्या इस्राएलला जाणार होत्या. सिनेगॉगच्या गल्लीत हे प्रत्येकाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त निसीमला. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एका वाक्यात सांगून झालं असतं. आता त्या एका वाक्यावर तीन आठवडे, चाळीस कौलं आणि एक मांडणी येऊन बसली होती.

निसीम रूबेन आपटेकर पनवेलातच जन्मला, पनवेलातच वाढला. त्याचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. निसीम मराठी चौथीत असताना ते गेले. बाई मुंबईला राहून बी.ए. झालेल्या. त्यांनी मुलींच्या शाळेत नोकरी धरली आणि दोन्ही मुलांना वाढवलं. सॅम पुस्तकातला. निसीमचं सगळं लक्ष एस.टी. स्टँडजवळच्या तुळशीरामच्या सायकल दुकानात. मॅट्रिकला तो एकदा आपटला, दुसऱ्यांदा कसाबसा पार पडला आणि दुसऱ्याच दिवशी तुळशीरामच्या दुकानात जाऊन बसला तो बसलाच.

"मास्तरीणबाई बी.ए., नि पोरगा पंक्चर काढतो," लोक म्हणत. बाईंना ते लागायचं. निसीमला काहीच लागायचं नाही.

"पंक्चर काढायला पण डोकं लागतं, आई. भोक कुठे आहे ते हवा सांगते. ऐकणारा पाहिजे."

रविवारी सायकल काढून तो शिरढोणला जायचा. मग पेणपर्यंत जायला लागला. मग एकदा बोरघाट चढून पुण्याला जाऊन आला आणि दोन दिवस पाय शेकत बसला. छप्पन साली एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "आई, मी म्हणतो, जगाला एक चक्कर मारून यावं." बाजारातून कोथिंबीर घेऊन येतो म्हणावं, तसं.

"एकटाच?"

"दोघं गेलं की भांडणं होतात."

पासपोर्टाला, परवान्यांना, वस्तूंच्या जमवाजमवीला वर्ष गेलं. निघायच्या दिवशी नगरपालिकेच्या अध्यक्षांनी हार घातला आणि असं लांबलचक भाषण केलं की ज्याला सकाळच्या गारव्यात निघायचं होतं तो रणरणत्या उन्हात निघाला. सिनेगॉगला त्यांच्यात मशीद म्हणत. त्या मशिदीच्या दारात म्हाताऱ्या अहरोनकाकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हटली. सायकल वळणावरून दिसेनाशी झाली. बाई घरी आल्या आणि त्यांनी त्याच्या न विसळलेल्या कपबशीत स्वतःला चहा ओतून घेतला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावताना त्यांनी एलियाहू हन्नाबीला नवस बोलला. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचा या संदेष्ट्यावर मोठा भरवसा. मूल होत नाही, ताप उतरत नाही, माणूस दूर गेलंय, तर हाक त्यालाच. आणि काम झालं की मलिदा करायचा. भिजवलेले पोहे, गूळ, खवलेलं खोबरं, वेलची, बेदाणे एकत्र कालवून ताटात रचायचे, वर फळं मांडायची, एलियाहूचं गाणं म्हणायचं आणि मग सगळ्यांनी मिळून खायचं. बाई शिकलेल्या होत्या. देवाशी असा देण्याघेण्याचा करार करू नये, हे त्यांना समजत होतं. तरी त्यांनी केला.

पुढे पोस्टकार्डं येत राहिली. बसऱ्याहून, मग इराणातून, मग तुर्कस्तानातून. कार्डावर चार ओळी, त्यातल्या दोन सायकलच्या तब्येतीच्या. एक हिवाळा त्याने ऑस्ट्रियात एका गॅरेजात काम करून काढला. मध्येच बोटीने इस्राएलला गेला, तिथे बीरशेब्यात पनवेलची माणसं भेटली, त्यांच्याकडे मासळीचं कालवण खाल्लं असं लांबलचक पत्र आलं. मग अमेरिका. तिथे तो सफरचंदं तोडत होता. आणि त्यानंतर काहीच नाही.

ते वर्ष वाईट गेलं. बाई नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. गल्लीतली घरं एकामागून एक रिकामी होत होती. ज्यांच्याशी संध्याकाळी दोन शब्द बोलावेत ती माणसं इस्राएलला गेली होती. पोस्टमन दारावरून मान हलवत पुढे जायचा. त्या सुमाराला सॅम म्हणाला, "आई, आम्ही जायचं ठरवलंय. तू इथे एकटी कशाला राहतेस? निसीम आला तर तिकडे येईल. त्याला काय, सगळं जग पायाखालचं." सॅम हे प्रेमाने म्हणाला होता, त्यात खोट नव्हती. बाई दोन महिने गप्प राहिल्या आणि मग हो म्हणाल्या. काशीरामला घराचा शब्द गेला. त्यानंतर पंधरवड्याने जपानहून कार्ड आलं. 'मधे आजारी होतो. आता ठणठणीत आहे. बोटीने मद्रास, तिथून सायकलवर घरी.'

एकसष्ट सालच्या जानेवारीत, भर दुपारी, बाई दारात तांदूळ निवडत बसल्या असताना एक दाढीवाला, रापलेला, लष्करी कोट घातलेला माणूस समोर उभा राहिला. सायकलला चहूकडून बोचकी.

"कोण पाहिजे?" बाईंनी विचारलं.

दाराच्या चौकटीवर मझुझाची छोटी नळी होती, जिच्यात धर्मवचन ठेवतात. हात वर करून त्याने तिला बोटं लावली आणि ती बोटं ओठांना टेकवली. लहानपणी हात पोचत नसे म्हणून तो उडी मारून ते करायचा. आताही त्याने उगीचच टाचा उचलल्या होत्या.

बाईंच्या मांडीवरचं सूप कलंडलं. तोंडून शब्द निघाले ते असे, "बूट बाहेर काढ. आत्ताच जमीन सारवलीय."

मग दोघंही सांडलेले तांदूळ गोळा करत बसली. एकमेकांकडे बघायची हिंमत होईपर्यंत ते काम पुरलं.

अर्ध्या तासात गोदूबाई आली. काशीरामची ही बायको. मिठागरावरचं काम सुटून नवऱ्याची भाताची गिरणी उभी राहिली, तरी तिने मासळीची पाटी सोडली नव्हती. बाईंच्या दारात तिने कधी कोळंबी काढली नाही. बिनखवल्याची मासळी या घरात चालत नाही, हे तिला सांगावं लागत नसे.

"आला का गो बाय पोर? आगं बया, जग फिरून आला का उपास करून आला? हाडं मोजून घे गो याची."

"मावशी, जग गोल आहे म्हणतात ना, ते खरं आहे," निसीम हसून म्हणाला. "पण चढच जास्त आहेत."

"नी रस्तं?"

"सगळ्यात वाईट रस्ता चौक गावापासून पनवेलपर्यंतचा."

गोदूबाई हसत सुटली. जाताना मात्र मागीलदारी बाईंच्या कानाशी लागून म्हणाली, "सांगितलंव का त्याला?" बाईंनी नाही अशी मान हलवली. "सांगा गो लवकर. आमच्या मालकाला तं रस्त्यात त्याच्या पुढ्यात येवाला लाज वाटंल."

पहिल्याच रविवारी सॅम मुंबईहून सहकुटुंब आला. भाऊ भाऊ कडकडून भेटले. नातींनी काकाच्या सायकलची घंटी वाजवून वाजवून वेड लावलं. जेवण झाल्यावर सॅमने आईला विहिरीपाशी गाठलं.

"किती दिवस लपवणार आहेस? इस्राएलला जाणाऱ्यांची शेवटची नावं कचेरीत द्यायची आहेत. मी सांगू का त्याला?"

"नको. मलिदा होऊ दे. मग मीच सांगते."

"आणि मलिदा कधी?"

"बघू."

सॅमने कपाळाला हात लावला. मलिद्यानंतर सांगायचं म्हणून बाई मग मलिदाच पुढे ढकलत राहिल्या. एका आठवड्याला चांगले पोहे मिळाले नाहीत, दुसऱ्या आठवड्याला नारळ खवट निघाला, मग अहरोनकाकांना खोकला झाला.

शेवटी निसीमच मागे लागला.

"आई, माझा मलिदा कधी? आणि मला तो माझ्यासाठी नकोय गं. तुला सांगितलं ना, किती जणांनी घरात घेतलं. तुर्कस्तानात कोन्याजवळच्या खेड्यात ती म्हातारी फातमा. तिने स्वतःचं अंथरूण मला दिलं आणि आपण चुलीपाशी बसून राहिली. जपानात तापाने फणफणलो होतो, तर तो तानाका, माझ्यासारखाच सायकलवाला. त्याची बायको तीन आठवडे मला भाताची पेज पाजत होती. ती माझी कोण होती? या सगळ्यांची नावं मला एलियाहूपुढे घ्यायची आहेत. विसरायच्या आत."

"बरं, या रविवारी," बाई म्हणाल्या. शनिवारी शब्बाथ सुटला की त्याला सगळं सांगायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पण शुक्रवारी संध्याकाळी मशिदीतून परतताना निसीमने गल्लीभर आमंत्रणं करून टाकली. "रविवारी सकाळी आमच्याकडे मलिदा आहे, नक्की या." इतकंच म्हणाला. कशाचा मलिदा, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. तो परत आला होता, आणखी कशाचा असणार?

घोळ झाला तो इथे. तो नव्हता त्या वर्षांत त्या गल्लीत मलिदा व्हायचा तो एकाच कारणाने. इस्राएलला निघालेलं कुटुंब जायच्या आधी मलिदा करी, सुखरूप पोचव म्हणून एलियाहूला विनवी, आणि मग दाराला कुलूप लागे. निसीम येऊन तर तीन आठवडे झाले होते. त्याच्या परतीचा मलिदा घरच्या घरी उरकला असणार, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली. म्हणजे आता हा झिल्पाबाईंच्या निरोपाचा.

शनिवारी संध्याकाळी बाईंनी दोनदा तोंड उघडलं. एकदा निसीम नारळ सोलत मोठ्याने गात होता. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "आई, तू दमलीस, झोप आता." सांगायचं राहूनच गेलं.

रविवारी सकाळी ओट्यावर सतरंज्या पडल्या. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पूर्वी या गल्लीत दहा माणसं शिट्टी मारली की जमत. आता आपटे गावाहून दोघांना बोलवावं लागलं. सॅमचं कुटुंब येऊ शकलं नाही, धाकट्या नातीला गोवर निघाला होता. काशीराम आणि गोदूबाई एका बाजूला अवघडून बसली होती.

बायका आल्या त्या काही ना काही घेऊन. एकीने आमसुलांची बरणी आणली, एकीने घरचा मसाला, एकीने भरतकाम केलेली दिव्याखालची चादर.

"वा, मला एवढ्या भेटी?" निसीम म्हणाला. "मसाला कशाला हो मावशी? मी तर आता इथेच जेवणार."

"तुलाही होईल, आईलाही होईल," मावशी म्हणाल्या आणि आत गेल्या. "झिल्पाबाई, आमसुलं नीट बांधून न्या हं. तिकडे मिळत नाहीत म्हणे."

बाईंचा हात परातीतच थांबला. सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. उठून बाहेर जावं, त्याला हाताला धरून परसात न्यावं, असं वाटलं. तेवढ्यात ओट्यावरून अहरोनकाकांचा आवाज आला, "आणा ताट. उशीर नको." आणि ताट घेऊन बाईंना बाहेर यावंच लागलं.

पोह्यांचा डोंगर, त्यावर केळी, खजूर, चिकू, संत्री, डाळिंबाचे दाणे. वेलचीचा वास सुटला होता. गाणं सुरू झालं. निसीम डोळे मिटून सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणत होता. इतक्या मुलखात त्याने ते एकट्याने म्हटलं असणार. आज त्याच्या आवाजाला इतरांचे आवाज मिळाले, तर त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

गाणं संपलं. अहरोनकाकांनी हात वर केले आणि मराठीत म्हणाले, "हे एलियाहू हन्नाबी, हे घर सोडून आपल्या पूर्वजांच्या भूमीकडे निघालेल्या या कुटुंबाला सांभाळ. त्यांचा प्रवास सुखाचा होवो."

"आमेन," सगळे म्हणाले.

निसीमने डोळे उघडले. काकांकडे वाकून हळूच म्हणाला, "काका, मी निघालो नाही. मी आलोय."

आसपासचे हसले. काकाही हसले. "तू आलास रे बाबा. पण आई चाललीय ना."

काशीरामला बाईंचा उतरलेला चेहरा पाहवेना. भला माणूस, धीर द्यायला गेला. "बाय, तुमी जीवाला घोर लावून घेव नका. घर मी नीट राखीन. तुमच्या देवाची नळी तुमी काढून न्याल, पन ती चौकट मी हलवनार नाय. माजा शबुद हाय." गोदूबाईने त्याला कोपराने ढोसलं, पण फार उशिरा.

निसीमने आईकडे पाहिलं. बाईंनी खाली पाहिलं. त्याची नजर ओट्यावरून फिरली. वरची कौलं, बाजूची मांडणी, परत आईचा चेहरा. त्याला सगळं समजलं, हे तिथल्या प्रत्येकाला समजलं.

आता हा उठून जाणार, असं बाईंना वाटलं. तो उठला खरा. पण म्हणाला, "काका, एक राहिलंय. मला काही नावं घ्यायचीत. प्रत्येकाला आमेन म्हणा."

मग तो एकेक नाव घेत गेला. फातमा आजी. ग्रीसमधला एक मेंढपाळ, नाव कळलं नाही, पण त्याच्या कुत्र्याचं कळलं. ऑस्ट्रियातला गॅरेजवाला, ज्याने निसीम यहुदी आहे हे ऐकल्यावर बराच वेळ मान खाली घातली आणि मग शुक्रवारी दुपारनंतर त्याला कधी काम सांगितलं नाही. शिकागोची एक विधवा बाई, जिने रडत रडत स्वतःच्या मेलेल्या मुलाचा कोट त्याच्या अंगावर घातला. तो कोट आत खुंटीवर होता. तानाका आणि त्याची बायको. कोल्हापूरजवळ रात्री गोठ्यात झोपू देणारा शेतकरी. प्रत्येक नावाला आमेन येत होतं. सुरुवातीला पुटपुटल्यासारखं, मग जोराने. काशीराम आणि गोदूबाईसुद्धा म्हणायला लागली.

"आणि माझी आई," निसीम शेवटी म्हणाला. "जिने वाट पाहिली."

त्या आमेनमध्ये बाईंचा आवाज नव्हता. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

मग निसीमने ताट उचललं आणि स्वतः मूठ मूठ मलिदा वाढत सगळ्यांत फिरला. सगळ्यात शेवटी आईपाशी आला. "हात पुढे कर."

पाहुणे पांगल्यावर गोदूबाई भांडी घासायला थांबली. राख लावता लावता म्हणाली, "बाय, आमाला घरांची काय वाण नाय. आमचा मालक म्हनतो, स्टँडाकडं बी एक जागा हाय. तुमी न्हाय म्हनलांव तरी आमी रागवू नाय. घर दुसरं मिलंल. दारात बसून सुखदुख बोलाया मानूस खय मिलंल?"

बाईंनी ओले हात पदराला पुसले. बाहेर आल्या तर निसीम पायरीवर बसला होता.

"सांगणार होते रे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"रोज सांगणार होते."

"अगं, मला आधी कळलं असतं तर मी एवढी कौलं कशाला चढवली असती? काशीरामकाकाचं फावलं." तो हसला. बाईंना हसू आलं नाही, तेव्हा तो गंभीर झाला. "दादाचं बरोबर आहे, आई. तिकडे चांगलं आहे. उन्हाळा कडक आहे, पण आपली माणसं आहेत. बीरशेब्यात तर एका चाळीत मला सगळे पनवेलकरच भेटले. तू तिकडे रमशील. नाती जवळ असतील."

"आणि तू?"

"मी इथेच. मला आता कुठे जायचं नाही." जरा थांबून तो म्हणाला, "लोक विचारायचे, कुठला तू? मी म्हणायचो पनवेल. कुणाला माहीत नसायचं. मग मी मातीत काडीने काढून दाखवायचो. ही खाडी, हा मुंबई-पुणे रस्ता, इथून कोकणात वळायचं, आणि हे आमचं घर. शंभरदा तरी काढलं असेल. काढता काढता मला ते इतकं पाठ झालं, की मग दुसरं काही बघावंसंच वाटेना. पण तू माझ्यासाठी अडकू नकोस. मी कुठेही राहतो."

सोमवारी सकाळी बाई उठल्या तेव्हा निसीम घरात नव्हता. ओट्यावर सायकल नव्हती, खुंटीवर कोट नव्हता. त्या तशाच अर्धवट वेणीने दारात आल्या, तेवढ्यात तो गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजवत दिसला.

"आई, चल, गंमत दाखवतो. खोली मिळाली."

वेणी पुरी करून, चुलीवर डाळ ठेवून बाई त्याच्याबरोबर निघाल्या. तुळशीरामच्या दुकानामागे एक खोली होती. पूर्वी तिथे जुनी चाकं आणि टायर पडलेले असत. निसीमने पहाटेच जाऊन ती झाडून घेतली होती. एका कोपऱ्यात घोंगडी घडी करून ठेवलेली, खुंटीला तो कोट, दाराजवळ बोचकं. बस. जवळजवळ चार वर्षं जग फिरलेल्या माणसाचं बिऱ्हाड त्याने तासाभरात मांडलं होतं.

"बाई, मी भाडंबिडं काही घेणार नाही हां याच्याकडून," तुळशीराम म्हणाला. "पोरगा आमचाच आहे. हवे तितके दिवस राहू द्या."

"कशी आहे?" निसीमने उत्साहाने विचारलं.

"चांगली आहे."

खोली खरंच वाईट नव्हती. पण बाईंचं लक्ष त्या बोचक्याकडे होतं. ते त्याने दाराजवळ ठेवलं होतं, कुणाच्या पायात येणार नाही असं. फातमाच्या घरात ते असंच ठेवलं असेल. तानाकाकडेही. परक्याच्या घरी जागा कमी व्यापायची, सकाळी अंथरूण सगळ्यांच्या आधी गुंडाळायचं, पानात पडेल ते खायचं, निघताना आभार मानायचे. हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलं होतं, आणि ते शिकवणाऱ्या माणसांचं कल्याण होवो, बाई रोज तेच मागत. पण ती माणसं परकी होती. परक्यांनी त्याला घर दिलं. आणि हा इथे, जन्मल्या गावात, आईच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, पाहुण्यासारखा राहणार? आणि वर त्याबद्दल तुळशीरामचे आभार मानणार?

"तुळशीराम," बाई म्हणाल्या, "पोस्टातून मुंबईला फोन लागायला किती वेळ लागतो रे?"

"ट्रंक कॉल? लागला तर अर्ध्या तासात, नाही तर दुपार होते. कुणाला करायचाय?"

"सॅमला. कॉल लागेपर्यंत ऑफिसात पोचलेला असेल."

निसीमने मान वर केली. "दादाला? कशाला?"

"कचेरीत नावं द्यायची आहेत ना त्याला. सांगते, चारच दे म्हणून."

"आई, उगाच काहीतरी करू नकोस. नातींचं काय? तुझा जीव आहे त्यांच्यात."

"आहेच. आठवण येईल, रडूही येईल. त्या मला पत्रं लिहितील, मी त्यांना लिहीन. वाट बघायची मला सवय आहे." बाईंनी पदर खोचला. "सॅम चिडेल. चिडू दे. त्याचं मन मोठं आहे, चार दिवसांनी निवळेल."

"माझ्यासाठी राहू नकोस."

"तुझ्यासाठीच राहतेय. त्यात लाजायचं काय?"

निसीमने कोपऱ्यातली घोंगडी उलगडून पुन्हा घडी घातली. तुळशीराम उगीचच एका चाकातली हवा तपासत राहिला.

"चल, मी सायकलवर सोडतो पोस्टापर्यंत," निसीम शेवटी म्हणाला.

"नको. ते बोचकं उचल आणि घरी जा. चुलीवर डाळ ठेवलीय, करपेल ती," बाई म्हणाल्या. "फोन मला करता येतो." आणि एस.टी. स्टँडच्या गर्दीतून वाट काढत त्या पोस्टाच्या दिशेने चालू लागल्या.